फुकट गेममधल्या ॲडचा पैसा नक्की येतो कुठून?

लेव्हल संपली की ॲड, हरलो की ॲड, जिंकलो तरी ॲड, आणि ती बंद करायची फुली कोपऱ्यात इतकी बारीक की बोट नेमकं बाजूला पडतं आणि उघडतं ॲप स्टोअर. हे सगळ्यांनी भोगलंय. पण कधी नीट बघितलंय का, ती ॲड बऱ्याचदा असते कशाची? दुसऱ्या गेमची. म्हणजे गेमवाला स्वतःच्या गेममध्ये छान रमलेल्या माणसाला दर दोन-तीन मिनिटांनी शेजारच्या गेमचं दार उघडून दाखवतोय, जा बाबा तिकडे. कुठला दुकानदार असं करेल? मला पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटला होता, मग हळूहळू हिशोब कळला, आणि तो कळल्यावर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या धंद्यात जे काही वरखाली झालंय ते सगळं त्याच हिशोबात बसायला लागलं.

तर आधी हिशोब. फुकटचा गेम खेळणाऱ्या शंभर जणांतले चार-पाच जण जरी आत काही विकत घेत असले तरी गेमवाल्याने नशीब समजायचं. बाकीचे फुकटात खेळतात आणि कंटाळा आला की गेम उडवून मोकळे होतात. साध्यासुध्या गेममध्ये, म्हणजे बॉल खाली सोडायचा, ठोकळे रचायचे वगैरे, बहुतेक लोक आठवडाभरही टिकत नाहीत. जाणारच आहेत ते. मग जाता जाता त्यांना कुणाच्या तरी दारात सोडून त्याचे पैसे घेतले तर बिघडलं काय? आणि पैसे देणारा कोण, तर असा गेमवाला ज्याच्याकडे लोक महिनोन्महिने खेळतात, किल्ले बांधतात, सैन्य पोसतात, आणि त्यातला एखादा पठ्ठ्या वर्षाकाठी शेकडो डॉलर घालवतो. धंद्यात अशा खेळाडूला 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. तो कुठल्या पाण्यात पोहतोय हे आधी कळत नाही म्हणून जाळं सगळीकडे टाकावं लागतं, आणि तुम्ही वैतागून बघताय ती ३० सेकंदांची ॲड म्हणजे ते जाळं.

आता दर कसा ठरतो बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. ॲड दाखवणारा गेमवाला बोलतो ईसीपीएममध्ये, म्हणजे हजार वेळा ॲड दाखवल्यावर हातात किती पडले. ॲड देणारा बोलतो सीपीआयमध्ये, म्हणजे एक इन्स्टॉल पदरात पडायला किती गेले. दोघांची भाषा वेगळी आणि मधलं ॲड नेटवर्क, म्हणजे एकाची ॲड दुसऱ्याच्या गेममध्ये पोचवणारी कंपनी, दुभाष्या. समजा (आकडे नुसते समजायला घेतलेत) किल्लेवाला एका इन्स्टॉलला २ डॉलर द्यायला तयार आहे. ॲड हजार जणांना दाखवली, त्यातल्या पाच जणांनी गेम घेतला, झाले १० डॉलर. तीच ॲड जरा माणसं ओळखून दाखवली आणि हजारात दहा जणांनी घेतला, तर झाले २० डॉलर. स्क्रीन तीच, ३० सेकंद तेच, पैसे दुप्पट. म्हणजे तो दर स्क्रीनवरच्या जागेचा नसतोच मुळी, समोरचा माणूस पुढे काय करेल या अंदाजाचा असतो. ही एवढी गोष्ट धरून ठेवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

उदाहरणार्थ देश बदलला की दर का बदलतो, तर तिथला खेळाडू पुढे किती खर्च करेल हा अंदाज बदलतो म्हणून, आणि त्यामुळे त्याच गेममध्ये त्याच दिवशी अमेरिकेतल्या माणसाला दाखवलेल्या एका व्हिडिओचे जेवढे मिळतात तेवढे दुसऱ्या एखाद्या देशात कितीतरी व्हिडिओ दाखवून मिळतात. शिवाय सीझन असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खरेदीचा मोसम, कंपन्यांना वर्षाचं बजेट संपवायचं असतं, सगळे एकदम बोली लावतात आणि दर चढतात, आणि जानेवारी लागला की धाडकन खाली. नवे डेव्हलपर जानेवारीत आपल्या गेममध्ये काहीतरी बिघडलंय म्हणून रात्र-रात्र कोड तपासत बसतात, आणि बिघडलेलं काहीच नसतं.

बरं, आणखी एक कारण आहे ज्यामुळे गेमवाल्यांना ॲडचा मोह पडतो. गेममध्ये काही विकलं तर ॲपल आणि गूगल त्यातून आपला वाटा कापून घेतात, हा वाटा बरीच वर्षं ३० टक्के होता आणि २०२१ मध्ये छोट्यांसाठी १५ झाला. ॲडच्या पैशावर स्टोअरचा असा कट नाही. अर्थात नेटवर्क स्वतःचा कापतंच, फुकट कुणी काही करत नाही.

सुरुवात अगदी बावळट होती. २००६ मध्ये ॲडमॉब नावाची कंपनी निघाली, फोनवरच्या ॲडसाठी, आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने ती ७५ कोटी डॉलरला घेतोय असं जाहीर केलं, लोकांना वाटलं एवढे पैसे कशाला. ॲपलने २०१० मध्ये आयॲड नावाचं स्वतःचं ॲड नेटवर्क आणलं, ६० टक्के डेव्हलपरला आणि ४० आपल्याला, ते काही नीट चाललं नाही आणि २०१६ मध्ये बंद केलं. त्या काळातली मुख्य ॲड म्हणजे बॅनर, स्क्रीनच्या वर किंवा खाली चिकटलेली पट्टी, जिच्याकडे कुणी बघत नाही आणि क्लिक झालंच तर चुकून. बॅनरचा दर इतका फुटकळ असतो की त्यावर पोट भरायचं तर खेळाडूंचा महापूर यावा लागतो. एकाच्या बाबतीत आला. व्हिएतनामच्या डोंग न्गुयेनने २०१३ मध्ये फ्लॅपी बर्ड काढला, पाइपांमधून पक्षी उडवायचा गेम, काही महिने त्याला कुणी विचारलं नाही, आणि २०१४ च्या जानेवारीत अचानक जगभर त्याचं वेड लागलं. नुसत्या बॅनरवर दिवसाला ५० हजार डॉलर येतायत असं त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं, आणि फेब्रुवारीत सगळा प्रकार सहन होईना म्हणून गेमच काढून टाकला. त्या आकड्यामुळे किती पोरांनी नोकऱ्या सोडून पाइप आणि पक्षी काढायला घेतले असतील देव जाणे.

पण खरं वळण आलं त्याच वर्षाच्या शेवटी. ऑस्ट्रेलियातल्या मॅट हॉल आणि अँडी सम यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये क्रॉसी रोड काढला, कोंबडीला रस्ता ओलांडायला लावायचा. त्यात ॲड अंगावर येत नव्हती, तर गेम विचारायचा, व्हिडिओ बघतोस का, नाणी देतो. बघायची नसेल तर नको बघू. यालाच रिवॉर्डेड व्हिडिओ म्हणतात. हा प्रकार त्यांनी शोधला असं नाही, आधीही होता, पण तो धंदा करून दाखवतो हे या गेमने सगळ्यांना पटवलं. पहिल्या तीन महिन्यांत ५ कोटी डाउनलोड आणि १ कोटी डॉलरची कमाई, त्यातले जवळपास ३० लाख या व्हिडिओंचे. तोपर्यंत मोठे गेमवाले ॲडकडे जरा नाक मुरडूनच बघायचे, कँडी क्रशवाल्या किंगने तर २०१३ मध्ये ॲड पूर्ण काढूनच टाकल्या होत्या. पुढे त्याच किंगने परत आणल्या, हे सांगायला नकोच.

रिवॉर्डेडचा दर बॅनरच्या कितीतरी पट का, तर इथे माणूस स्वतःहून बसलाय, आवाज चालू आहे, शेवटपर्यंत बघतोय कारण नाही बघितलं तर नाणी बुडतील. आणि खेळाडूलाही राग येत नाही, उलट मला तर लोक तक्रार करताना दिसतात की आज ॲडच लोड होत नाहीये, माझं बक्षीस गेलं. ॲड नाही म्हणून चिडलेला माणूस, टीव्हीवाल्यांना हे भाग्य कधी लाभलं नाही.

मग आले हायपर कॅज्युअलवाले, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मजेशीर भाग हाच. साधारण २०१७ ते २०२१. गेम असा की एका बोटाने खेळायचा, शिकवायला लागत नाही, बनवायला दोन-चार आठवडे. फ्रान्सची वूडू कंपनी यात पुढे, २०१८ मधला हेलिक्स जंप तिचाच, आणि त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने तिच्यात २० कोटी डॉलर घातले. आता शेअर बाजारातली ती मोठी बँक बॉल खाली पडण्याच्या गेममध्ये पैसे का घालते? कारण तो गेम म्हणजे गेम नव्हताच फारसा, ती दलाली होती. खेळाडू आणायला समजा २० सेंट खर्च, तो चार दिवस खेळला आणि तेवढ्यात त्याला इतक्या ॲड दाखवल्या की २५ सेंट सुटले. माणशी ५ सेंट नफा. हसू येतं ना? पण मग कोट्यवधी माणसं आणा. स्वस्तात आणायचं, महागात पुढे ढकलायचं. त्यामुळे यात गेम चांगला आहे का हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं, आधी त्याचा व्हिडिओ बनवून ॲड म्हणून चालवायचा, लोक स्वस्तात येतायत दिसलं तर ठेवायचा, नाही तर फेकायचा आणि पुढचा घ्यायचा.

हे सगळं चाललं होतं कारण अंदाज बरोबर येत होते. आयफोनमध्ये २०१२ पासून एक जाहिरात-नंबर असतो, आयडीएफए, आणि त्याच्या जोरावर नेटवर्कला कळायचं की हा जो फोन आहे त्यावर याआधी अमक्या गेममध्ये ८० डॉलर खर्च झालेत, म्हणजे इथे देवमासा आहे, बोली वाढवा. म्हणजे आपली अख्खी कुंडली. २६ एप्रिल २०२१ ला आयओएस १४.५ आलं आणि ॲपलने सांगितलं की हा नंबर हवा तर आधी माणसाला विचारा, ट्रॅक करू का? आता असं तोंडावर विचारल्यावर कोण हो म्हणणार. बहुतेकांनी नाही दाबलं आणि अख्ख्या धंद्याच्या डोळ्यांवर एकदम पट्टी बांधली गेली. ॲपलने बदल्यात दिलेली मोजणी, एसकेॲडनेटवर्क, म्हणजे इन्स्टॉल झालं एवढं उशिराने आणि ढोबळ सांगायची, कुणी केलं ते नाही. सगळ्यात मोठा आवाज फेसबुकवाल्या मेटाचा आला, २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनीच सांगितलं की यंदा यामुळे साधारण १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, आणि दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात २६ टक्के पडला.

गेममध्ये याचा परिणाम सगळीकडे सारखा नव्हता आणि हे लोक पटकन विसरतात. महागडे देवमासे शोधणाऱ्यांना जास्त लागलं कारण त्यांना माणूस नेमका हवा असायचा. हायपर कॅज्युअलवाल्यांना कुणीही चालायचं, त्यामुळे त्यांना वाटलं आपण सुटलो. पण त्यांचं उत्पन्न म्हणजे किल्लेवाल्यांनी दिलेले ॲडचे पैसे, ते अंधारात बोली लावताना हात आखडता घ्यायला लागले की इकडचे २५ सेंट २१ होतात, आणि तिकडे खेळाडू आणायला भाऊगर्दी झाल्यामुळे २० चे २३ झालेले असतात. नफ्याचा तो ५ सेंटचा धागा असा तुटला. अँड्रॉइडवर गूगलनेही २०२२ मध्ये प्रायव्हसी सँडबॉक्स, म्हणजे माणसाचा माग न काढता ॲड चालवायची योजना, जाहीर करून सगळ्यांची झोप उडवली होती, पण ते रखडत रखडत २०२५ मध्ये गुंडाळलं गेलं, त्यामुळे तिकडचा जाहिरात-नंबर अजून आहे.

मधल्या दलालांची पण एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगतो. गेममध्ये एकच नेटवर्क नसतं, दहा-पंधरा असतात, आणि आता ही ॲड कुणाची दाखवायची हे ठरवणारा एक वाटाड्या असतो त्याला मीडिएशन म्हणतात. पूर्वी वॉटरफॉल चालायचा, म्हणजे वरच्या नेटवर्कला विचारा १५ डॉलर देतोस का, नाही म्हणाला तर खालच्याला १२ ला विचारा, मग १० ला, असं पायरी-पायरीने खाली. यात गंमत अशी की तळाशी बसलेला एखादा २० द्यायला तयार असेल तरी त्याला कुणी विचारलंच नाही. आता बिडिंग, सगळ्यांना एकदम विचारायचं आणि जास्त बोलेल त्याची ॲड, सगळं आपली स्क्रीन बदलायच्या आत. चांगली सुधारणा आहे. फक्त लिलाव पुकारणारे आणि लिलावात बोली लावणारे यांतले मोठे खेळाडू एकच आहेत, गूगल, ॲपलव्हिन (ही ॲडच्या धंद्यातली वेगळी कंपनी, ॲपलशी संबंध नाही) आणि गेम बनवायचं सॉफ्टवेअर देणारी युनिटी, तिघांकडे स्वतःचं नेटवर्क पण आहे आणि मीडिएशन पण. ॲपलव्हिनने ट्विटरकडून मोपब नावाचं मीडिएशन १ अब्ज ५ कोटी डॉलरला घेतलं, २०२२ च्या मार्चअखेर ते बंद करून टाकलं आणि तिथल्या गेमवाल्यांना आपल्या मॅक्स या मीडिएशनवर बोलावलं. युनिटीने त्याच वर्षी आयर्नसोर्स या दुसऱ्या मीडिएशनवाल्या कंपनीला आपल्यात सामील करून घेतलं. पंचच बॅट घेऊन मैदानात उतरलाय असं म्हणायला जागा आहे, आणि अनेक डेव्हलपर खासगीत म्हणतातही.

अंदाज चुकला की काय होतं याचा नमुना युनिटीनेच दाखवला. २०२२ च्या सुरुवातीला त्यांच्या अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात एका मोठ्या ग्राहकाकडून आलेला खराब डेटा गेला, ते त्यावर शिकलं आणि चुकीच्या माणसांना चुकीच्या ॲड दाखवायला लागलं. मे महिन्यात कंपनीने सांगितलं की या भानगडीत त्या वर्षी साधारण ११ कोटी डॉलरचं नुकसान होईल, आणि एका दिवसात शेअर ३७ टक्के खाली. ऑगस्टमध्ये ॲपलव्हिनने तिला साडेसतरा अब्ज डॉलरला मागणी घातली, युनिटीने नाही म्हटलं.

मग २०२३ मध्ये ॲपलव्हिनने अंदाज बांधणारं नवं इंजिन लावलं, ॲक्सॉन २. वैयक्तिक नंबर नसला तरी कुठला गेम, कुठली वेळ, किती वेळ खेळला, आधीच्या ॲडला काय केलं असल्या असंख्य खुणांवरून मशीन लर्निंगने ठरवायचं की या क्षणाला कुठली ॲड किती बोलीला चालवायची. त्यांचं स्वतःचंच मीडिएशन असल्यामुळे त्यांना लिलावाचं चित्रही इतरांपेक्षा जास्त दिसतं, हा फायदा छोटा नाही. निकाल असा की २०२३ च्या सुरुवातीला १० डॉलरच्या आसपास असलेला त्यांचा शेअर २०२४ संपताना ३०० च्या वर होता. आणि २०२५ मध्ये त्यांनी आपले सगळे गेमच विकून टाकले, ट्रिपलडॉट नावाच्या कंपनीला. गेम बनवायचे सोडले आणि नुसता अंदाज विकायला बसले, आता सांगा यात मौल्यवान काय होतं.

गेमवाल्यांनी काय केलं, तर एकाच पायावर उभं राहणं सोडलं. आता जिकडे तिकडे हायब्रिड कॅज्युअल ऐकाल, म्हणजे वरून गेम तसाच सोपा, पण आत पुढे जायला काहीतरी आहे, शस्त्रं वाढवा, पात्रं जमवा, आणि ॲड पण आहेत आणि विकत घ्यायलाही आहे. २०१९ चा आर्चेरो हा त्यातला लवकरचा आणि गाजलेला नमुना. खेळाडू चार दिवसांऐवजी दोन महिने टिकला तर त्याच्याकडून ॲडचे पैसे पण जास्त येतात आणि तो कधीतरी खिशात हात घालायची शक्यता पण. उलट टोकाला रॉयल मॅचसारखे आहेत ज्यांच्यात एकही ॲड नाही, पण त्यांची ॲड मात्र इतर सगळ्यांच्या गेममध्ये. ते जाळं टाकतात, स्वतःच्या तळ्यात दुसऱ्याला टाकू देत नाहीत. पैसे भरणारा खेळाडू ॲडच्या दारातून निसटला तर तोटा किती, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणि देणाऱ्यांमध्येही बदल होतोय. इतकी वर्षं गेमच गेमला पोसत होते, आता खरेदीची ॲप, कर्जाची ॲप, छोट्या मालिका दाखवणारी ॲप हे सगळे गेममध्ये ॲड देतायत, टेमू या स्वस्त खरेदीच्या ॲपच्या ॲडनी तर परदेशातले गेम भरून गेले होते. गेमवाल्याला हे आवडतं, कारण शूज विकणारा आपला खेळाडू पळवून नेत नाही. शूज घेऊन माणूस परत लेव्हलवर येतो.

खेळणाऱ्याच्या बाजूने मात्र सगळं गोड नाही. अंदाज जेवढे महाग तेवढी ॲड लांब आणि चिकट, एक व्हिडिओ, मग खेळून बघायचा नमुना, मग स्टोअरचं पान, प्रत्येकाची फुली वेगळ्या कोपऱ्यात. गूगलने सप्टेंबर २०२२ अखेरपासून नियम केला की लेव्हल सुरू होताना अचानक पूर्ण स्क्रीनची ॲड नको, आणि खेळ अडवून जी दाखवाल ती १५ सेकंदांनंतर बंद करता आलीच पाहिजे, रिवॉर्डेड सोडून, कारण ती आपण मागून घेतलेली असते. पाळतात का, ते तुम्हीच रोज बघता. खोट्या ॲडचंही तेच, खिळा ओढून पाणी सोडायची कोडी ॲडमध्ये आणि गेम उघडला की भलताच. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशा ॲडवर बंदी घातली. खोटी ॲड का देतात, तर तिच्यावर लोक जास्त क्लिक करतात म्हणून इन्स्टॉल स्वस्त पडतं. मग काही गेमवाल्यांनी शक्कल काढली की ॲडमधली कोडी खरंच गेममध्ये कुठेतरी आत घालून ठेवायची, म्हणजे खोटं म्हणता येत नाही.

राहता राहिलं ते 'ॲड काढा' बटण. माझ्यासारखे बरेच लोक चिडून ते दाबतात आणि वाटतं की जिंकलो. त्याची किंमत गेमवाल्याने आधीच हिशोब करून ठेवलेली असते, तुम्ही गेम सोडेपर्यंत तुम्हाला ॲड दाखवून सरासरी जेवढे सुटले असते त्याच्या बरीच वर, शिवाय तुम्ही पैसे भरणारे आहात हेही त्याला कळलं. आणि बटण दाबल्यावर नीट बघा काय जातं आणि काय राहतं. मध्येच येणाऱ्या ॲड जातात, खालची पट्टी जाते. व्हिडिओ बघा नि दुप्पट नाणी घ्या ते तसंच राहतं, आणि आपण ते दाबतो.